घानात सहा दिवस हाताशी असतील, तर काय पाहावे?

प्रश्न : मी समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. येत्या जानेवारीत अक्रा शहरातील लेगॉन येथे, घाना विद्यापीठात होणाऱ्या चार दिवसांच्या विद्यार्थी परिषदेसाठी मी जाणार असून त्यानंतर सहा दिवस माझ्या हाताशी राहतात. तेवढ्यात केप कोस्ट, कुमासी, उत्तरेतील मोले राष्ट्रीय उद्यान आणि जमल्यास शेजारच्या टोगोची राजधानी लोमे, एवढे पाहून होईल का? लशी कोणत्या घ्याव्यात? मी शाकाहारी आहे आणि एकटीच असेन.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या यादीतील दोन नावांवर आधी काट मारावी लागेल. लोमे घानाच्या सीमेला अगदी खेटून असल्यामुळे मोह होतो, परंतु टोगोचा प्रवेश हा वेगळा मामला आहे, आणि तुमचा घानाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर सीमा ओलांडताच तो संपतो; परतीचे विमान मात्र अक्राहूनच सुटणार असते. मोलेचे दुःख अधिक आहे, कारण जानेवारीच्या कोरड्या दिवसांत तेथे हत्ती पाणवठ्यावर उतरतात. पण अक्राहून उत्तरेतील तामाले शहरापर्यंतच रस्त्याने सहाशेहून अधिक किलोमीटर होतात आणि उद्यान त्याच्याही पुढे आहे. सहांपैकी दोन-तीन दिवस बसच्या खिडकीशी काढायचे असतील तरच तिकडे वळावे.

लशीचे काम मात्र तिकिटाच्याही आधी उरकावे. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळे कार्ड, घानात प्रवेश करताना दाखवावे लागते. लस टोचल्यापासून १० दिवसांनीच ते वैध ठरते, त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग होत नाही. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि तेथे आधी वेळ घ्यावी लागते. परतताना भारतातही हेच कार्ड मागतात; ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवतापासाठी मात्र गोळ्याच घ्याव्या लागतात. कोणत्या, ते डॉक्टरांना ठरवू द्या. परंतु काही गोळ्या परतल्यावर आठवडाभर, तर डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालू ठेवावी लागते, हे आधीच विचारून घ्या. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर घानाला जाऊन आल्याचे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

परिषदेच्या दिवसांत लेगॉनहून शहरात जायला ट्रोट्रो वापरून पाहा. ही सामायिक मिनीबस असते आणि तिच्या दाराशी उभ्या असलेल्या वाहकाला तेथे ‘मेट’ म्हणतात. तो ठिकाणाचे नाव इतक्या भरभर पुकारतो की नवख्याला ते कळत नाही, पण हाताकडे पाहिले की उलगडा होतो : तर्जनी जमिनीकडे रोखून तो हवेत गोल फिरवू लागला, म्हणजे गाडी क्वामे एन्क्रुमा सर्कल या शहरातील मोठ्या चौकाकडे निघाली आहे. भाडे उजव्या हाताने द्या. डाव्या हाताने देणे-घेणे तेथेही असभ्य मानतात, त्यामुळे ही सवय तुम्हाला वेगळी लावून घ्यावी लागणार नाही.

तुमच्या विषयाच्या दृष्टीने लेगॉनमध्येच एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जून २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते या विद्यापीठाच्या आवारात महात्मा गांधींच्या पुतळ्याचे अनावरण झाले होते. दक्षिण आफ्रिकेतील सुरुवातीच्या काळात गांधींनी आफ्रिकी लोकांविषयी जे लिहिले, त्यावर बोट ठेवून प्राध्यापकांनी आक्षेप घेतला आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो पुतळा तेथून हलवण्यात आला. हा विषय तुमच्यासमोर निघण्याची शक्यता आहे. तेव्हा बचावाचे भाषण करण्याऐवजी तेथील विद्यार्थ्यांना बोलू द्यावे, असे मला वाटते.

सहा दिवसांतले पहिले दोन केप कोस्टला द्या. अक्राहून ते पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तेथील किल्ल्यात मार्गदर्शकासोबतच जा आणि त्या दिवशी दुसरे काही ठरवू नका. गुलाम म्हणून विकण्यासाठी पकडून आणलेली माणसे जहाज येईपर्यंत जेथे कोंडली जात, त्या पुरुषांच्या तळघरात उजेड येतो तो भिंतीत अगदी वर असलेल्या लहानशा झरोक्यांतून, आणि त्याच तळघराच्या डोक्यावर इंग्रजांचे प्रार्थनास्थळ होते. मार्गदर्शक हे सांगून थोडा वेळ गप्प राहतो. शेवटी तो समुद्राकडच्या ‘न परतीच्या दारा’शी आणतो. दार उघडले की समोर रंगवलेल्या होड्या आणि जाळी नीट करत बसलेले कोळी दिसतात. बाहेर पडून मागे वळून पाहिले, तर त्याच दारावर ‘परतीचे दार’ अशी पाटी आहे. गुलामगिरीत नेलेल्या दोघांचे अवशेष १९९८ मध्ये अमेरिका आणि जमैकाहून आणून याच वाटेने आत घेतले गेले. जवळच एल्मिनाचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १४८२ मध्ये बांधायला घेतला. दुसऱ्या सकाळी तो पाहता येईल. काकुमच्या जंगलातील झाडांच्या शेंड्यांमधून जाणारे झुलते पूल छान आहेत, पण वेळ उरला तरच.

त्यानंतर थेट कुमासी गाठा. रस्त्याने चार-पाच तास धरून चाला. ही असांते राज्याची राजधानी. येथील मानहिया राजवाडा संग्रहालय पाहाच. इंग्रजांनी १९ व्या शतकात लुटून नेलेल्या सोन्याचांदीच्या राजचिन्हांपैकी ३२ वस्तू लंडनच्या दोन संग्रहालयांनी २०२४ मध्ये येथे आणल्या, त्याही परत म्हणून नव्हे, तर उसन्या! बॉनविरे गावी केंटे हे तेथील पारंपरिक वस्त्र विणताना पाहा : वीतभरही रुंद नसलेल्या पट्ट्या मागावर विणतात आणि नंतर त्या एकमेकींना शिवून वस्त्र तयार होते. शेवटचा पूर्ण दिवस अक्रासाठी मोकळा ठेवा; वाटेत बस रखडली तर तोच कामी येईल.

एकटीने प्रवास करताना आंतरशहरी प्रवास दिवसाउजेडीच करावा. लष्करी गणवेशासारख्या नक्षीचे (कॅमोफ्लाज) कपडे नागरिकांना वापरण्यास बंदी आहे, त्यामुळे तसली पँट घरीच ठेवा. विमानतळ आणि लष्करी ठाणी यांचे फोटो काढू नका.

जेवणाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही, फसवा मात्र आहे. वाचे म्हणजे चवळीबरोबर, ज्वारीच्या पानांनी तांबूस रंग येईल असा शिजवलेला भात. तो स्वतः शाकाहारी असतो, पण त्यावर ओतला जाणारा रस्सा आणि शितो नावाची काळी चटणी यांत सुकी मासळी किंवा कोळंबी असते. ‘मटण नको’ म्हटल्यास मासळी बिनदिक्कत वाढली जाईल, तेव्हा ‘मांस नको, मासळी नको, शितो नको’ असे तिन्ही वेगवेगळे सांगा. मसाला लावून तळलेली केळी, म्हणजे केलेवेले, संध्याकाळी रस्त्याच्या कडेला गरमागरम मिळतात, आणि त्यांच्याबरोबर भाजलेले शेंगदाणे घेतले की पोट भरते.