भिंतीवरचं एक वाक्य आणि बाबांचा ब्रश

प्रश्न: गेल्या रविवारी मुलीने हट्ट धरला म्हणून काळा घोड्याला एका आर्ट गॅलरीत गेलो. पांढरी भिंत, तिच्यावर इंग्लिशमधलं एकच वाक्य, तेही मशीनवर कापलेल्या विनाइल स्टिकरचं, म्हणजे कलाकाराचा हातसुद्धा लागलेला नाही. माझे बाबा लालबागला पाट्या रंगवायचे, दुकानांचे बोर्ड, मंडळांचे बॅनर, शिरोरेषा कधी तसूभर हलली नाही. त्यांना सगळे पेंटरच म्हणाले, आर्टिस्ट कोणी म्हणालं नाही. मग हे आर्ट कसं?
— एक वाचक, करी रोड

उत्तर: तुमचा राग मला अर्धा पटतो. हात लागला नाही म्हणून कमी, हा अर्धा नाही पटत. १९६५ मध्ये जोसेफ कोसूथ या अमेरिकन कलाकाराने एक खुर्ची ठेवली, बाजूला तिचाच फोटो आणि डिक्शनरीतला 'खुर्ची'चा अर्थ मोठा करून लावला, आणि तिघांतली खरी खुर्ची कोणती ते बघणाऱ्यावर सोडलं. खुर्ची त्याने बनवली नव्हती, कुठलीही चालते. मग १९६८ मध्ये लॉरेन्स वायनर या दुसऱ्या अमेरिकन कलाकाराने लिहूनच टाकलं की वस्तू कलाकाराने बनवली तरी चालेल, दुसऱ्याकडून करून घेतली तरी चालेल आणि नाही बनवली तरी चालेल. सोल लविट हा तिसरा, तो तर सूचना लिहून द्यायचा, भिंतीवर रेघा ओढायला दुसरी माणसं. आता गंमत बघा, ती माणसं म्हणजे तुमच्या बाबांच्याच जातकुळीतली, हाताला सफाई असलेली, आणि नाव मात्र सूचना देणाऱ्याचं. हे मला आजही खटकतं, खोटं कशाला बोलू.

पण अक्षर हेच मटेरियल असलं की काय होतं ते बघायचं तर चित्रकार जितिश कल्लाट बघा, आपला मुंबईचाच, जेजे स्कूल ऑफ आर्टचा. नेहरूंचं १९४७ चं मध्यरात्रीचं भाषण आपण शाळेपासून ऐकतोय, त्याने २००३ मध्ये ते आरशांवर रबराच्या गोंदाने लिहिलं आणि पेटवून दिलं. अक्षरं जळून काळी पडली, आरसा वाकडा झाला, म्हणजे वाचायला उभे राहिलात की त्या शब्दांच्या मागे तुमचाच चेहरा वेडावाकडा दिसतो. आदल्याच वर्षी गुजरात पेटलं होतं हे आठवलं की पुढचं कोणी समजावायला लागत नाही. २००७ मध्ये त्याने गांधींचं दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचं भाषण हाडांच्या आकाराच्या अक्षरांत मांडलं, साडेचार हजाराच्या आसपास अक्षरं.

माझी चाचणी सोपी आहे. भिंतीवरचं वाक्य व्हॉट्सॲपवर टाईप करून मित्राला पाठवायचं. काही हरवलं नाही, तर तो सुविचार होता, गॅलरीत असला तरी. कल्लाटचं पाठवून बघा, नुसतं नेहरूंचं भाषण पोचेल, आरसा इथेच राहील. तुम्ही बघितलेल्या वाक्याचं काय होतं ते मुलीला विचारा, तिला बहुतेक जास्त कळलं असेल.

आणि बाबांनी रंगवलेला एखादा बोर्ड लालबागला अजून टिकून असेल तर फोटो पाठवा, दुकानवाल्याने फ्लेक्स लावायच्या आत.