वडिलांचा धाक आठवतो, मग देवाला पिता कसे म्हणावे?

ताई, जय ख्रिस्त.

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. वडिलांची दारू आणि मार आठवून प्रभूच्या प्रार्थनेतील ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही ओळ मंडळीबरोबर म्हणताना घसा दाटतो, तर ती म्हणावी की नाही; आणि ऐरोलीच्या घरप्रार्थनेत कोणी सांगितले त्याप्रमाणे तो मार म्हणजे देवानेच लावलेली शिस्त होती का. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे: नाही.

सांगणाऱ्यांच्या मनात बहुधा बायबलमधील इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय असावा. प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षाही करतो, असे तेथे आहे खरे. पण दहाव्या वचनात लेखक स्वतःच फरक करतो की, जन्मदात्यांनी त्यांना बरे वाटले तशी शिक्षा केली, देव मात्र आपल्या हितासाठी करतो. नशेत उचललेला हात देवाच्या खात्यावर मांडण्याची सोय त्या अध्यायात नाही. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर प्रेषित पौल बापांनाच बजावतो की, मुलांना चिडवून त्यांचे मन खचवू नका. (मुलांनी आज्ञा पाळावी हे त्याआधीचे विसावे वचन आपल्याकडे सर्वांना पाठ असते, एकविसावे क्वचितच ऐकू येते.)

आता पहिला प्रश्न. आपल्या घरचा बाप मनात धरायचा, त्याला मोठा करायचा आणि स्वर्गात बसवायचा, असे आपण नकळत करतो. मग ज्याला घरी धाक मिळाला त्याला वरही धाकच दिसतो. शुभवर्तमान उलट्या दिशेने चालते. ‘ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे’ असे येशू आपला शिष्य फिलिप्प याला म्हणतो, तेव्हा पिता कसा आहे हे पुत्राकडे पाहून ठरवायचे असते, आपल्या लहानपणावरून नव्हे.

आणि पुत्राने, म्हणजे येशूने, पित्याचे जे चित्र काढले ते लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील दाखल्यात सावकाश वाचावे. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो, पैसा उडवतो, डुकरे चारण्याची पाळी येते, आणि परतताना बोलायचे सगळे ठरवून ठेवतो: मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. एकोणिसाव्या वचनातील हे शेवटचे वाक्य एकविसाव्या वचनात येतच नाही; बाप त्याआधीच चाकरांना झगा, अंगठी आणि पायतण आणायला सांगतो. मिठी तर त्याही आधी झालेली असते, मुलाने तोंडही उघडण्यापूर्वी. पश्चात्ताप खरा आहे, आवश्यकही आहे, पण प्रेम त्याची किंमत म्हणून मिळालेले नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण देवाच्या घरात अकरा महिन्यांच्या करारावरच्या भाडेकरूसारखे राहतात, वागणूक चुकली की करार संपेल या भीतीने. आपल्या मुलाला मोलाने ठेवण्याची अट त्या बापाने मात्र ऐकूनही घेतली नाही.

थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहतो, तर त्याचीही समजूत घालायला बापच बाहेर येतो. घरात राहून कष्टी झालेल्यांसाठी मला हा भाग अधिक मोलाचा वाटतो, आणि उपदेशांत तो घाईने उरकला जातो याची खंत वाटते.

पिता हे संबोधनच जड जात असेल तर यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचावे. एकोणपन्नासाव्या अध्यायात देव म्हणतो की, आई तान्ह्याला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही (१८६१–१९१९) भजनांत ख्रिस्ताला आईच्या ममतेने आळवले आहे, तेव्हा मराठी मंडळीला ही भाषा परकी नाही.

आमच्या कळव्याच्या घरप्रार्थनेत एक गृहस्थ फार काळ ‘हे प्रभू’ एवढेच म्हणत, प्रभूच्या प्रार्थनेच्या वेळी गप्प राहत, आणि कोणी त्यांना टोकले नाही. आपणही तसे करावे. शब्द सुचत नसता पवित्र आत्मा आपल्यासाठी विनंती करतो, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. वडिलांना क्षमा करण्याचा विषय निराळा आहे. त्यासाठी आजच घाई करू नये, आणि क्षमा केली म्हणून पुन्हा त्यांच्या घरी राहायला जाणे बंधनकारक होत नाही. माराच्या आठवणींनी झोप उडत असेल तर पाळकांशी बोलावेच, शिवाय समुपदेशकाकडेही जावे.