जुना, गंजलेला वस्तरा घरच्या घरी पुन्हा वापरण्याजोगा करता येतो का?

आजोबांच्या पेटीत सापडलेला किंवा आमच्या धुळ्याकडे भंगाराच्या भावात मिळालेला वस्तरा बहुतेकदा दुरुस्त होतो. मात्र घासायला बसण्यापूर्वी त्याची धार भिंगाखाली अवश्य पाहावी. वरवरचा तांबूस गंज निघतो, पण ऐन धारेवर काळे खड्डे पडले असतील, तर कितीही घासले तरी धार तेथेच तुटत राहते, आणि असा वस्तरा शोभेपुरताच ठेवावा.

धारेवर चिकटपट्टी लावून, पाते लाकडी फळीवर सपाट टेकवून, तेल लावलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका मोठा, तितके कण बारीक) सुरुवात करावी व क्रमाक्रमाने २००० पर्यंत जावे. ग्राइंडर अजिबात वापरू नये. माझा पहिला वस्तरा मी घाईने फिरत्या चाकावर धरला, तेव्हा काही क्षणांतच धारेवर निळसर झाक आली. म्हणजे उष्णतेने पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरला आणि तो वस्तरा वाया गेला.

धार लावताना पात्याची जाड पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकलेली असावी, कारण त्यातूनच योग्य कोन साधतो. आधी १००० नंबरचा दगड, मग ४००० व ८००० चा, आणि शेवटी चामड्याचा पट्टा, ज्यावर पाठ पुढे ठेवूनच ओढावे. उलट ओढल्यास पट्टाच कापला जातो. खानदेशी उन्हाळ्यात गंजाची धास्ती फारशी नसते, पण पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवल्याशिवाय वस्तरा मिटून ठेवू नये.