'बिनाईन ल्युटिओमा'ला 'सौम्य अर्बुद' म्हणावं का?

प्रश्न असा: गरोदर स्त्रीच्या अहवालात 'बिनाईन ल्युटिओमा' लिहिलंय, म्हणजे बीजांडकोशातली एक गाठ; त्याचं मराठी 'सौम्य अर्बुद' (अर्बुद म्हणजे ट्यूमर) बरोबर का?

कोशात चालेल. पेशंटला सांगताना मात्र दोन्ही शब्द दगा देतात.

'सौम्य' आपण तीव्रतेसाठी वापरतो: सौम्य ताप, सौम्य लक्षणं. त्यामुळे 'कॅन्सरच आहे, पण थोडा' असा समज होतो. बिनाईन म्हणजे आजूबाजूला न घुसणारी, दुसरीकडे न पसरणारी. 'निरुपद्रवी' तर इथे चुकीचाच, कारण ही गाठ टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं (हार्मोन) सोडू शकते. साधारण चौघींपैकी एकीला हनुवटीवर राठ केस येतात, पुरळ उठतं, आवाज घोगरा होतो. पोटात मुलगी असेल तर तिच्या बाह्य जननेंद्रियांची घडणही बदलू शकते. पुष्कळदा वारेतलं अॅरोमटेज हे विकर (एन्झाइम) त्या संप्रेरकांचं इस्ट्रोजेन करून टाकतं, म्हणून गर्भ बचावतो. बोलीतला 'साधी गाठ' त्यातल्या त्यात बरा, पण पुढे 'संप्रेरक सोडणारी' जोडावंच.

आता 'अर्बुद'. 'ओमा' दिसलं की अर्बुद, ही सवय सोडायला हवी. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. ल्युटिओमाही खरं तर अर्बुद नव्हे. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे बीजांडकोशातल्या पेशी वाढून झालेला तो गोळा. बहुधा 6 ते 10 सेंटिमीटरचा, कधी दोन्हीकडे. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आपोआप विरतो. सिझेरियनच्या वेळी अचानक दिसला आणि 'ट्यूमर' समजला गेला, तर बीजांडकोश उगाच काढला जातो. शंका असेल तर तुकडा तपासून ठरवता येतं. गाठीमुळे बीजांडकोशाला पीळ पडला तर गोष्ट वेगळी.

'ल्युटिअस' हे लॅटिनमध्ये पिवळं; बीज सुटल्यावर बीजांडकोशात तयार होणारा 'पीतपिंड' त्यावरूनच. गंमत म्हणजे ल्युटिओमा कापला तर बऱ्याचदा तांबूस-तपकिरी दिसतो! आणि त्याला 'सिस्ट' म्हणू नये. सिस्ट म्हणजे पाण्याची गाठ, हा आतून भरीव असतो. द्राक्षगर्भात (वार द्राक्षाच्या घडासारखी वाढते अशी सदोष गर्भधारणा) किंवा जुळ्यांच्या वेळी एचसीजी हे गरोदरपणातलं संप्रेरक फार वाढून बीजांडकोशात पाण्याच्या पुष्कळ गाठी होतात, त्या निराळ्या.

माझी पसंती: अहवालात 'ल्युटिओमा' तसंच ठेवावं, तोंडी 'गरोदरपणात येणारी, संप्रेरक सोडू शकणारी साधी गाठ' म्हणावं.