रिपोर्ट नॉर्मल, मग पोट दुखतं कसं?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, म्हणजे पोरगी नाटक करतेय का?" हे इतक्या पालकांकडून ऐकलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

नाटक नसतं हो. तीन महिन्यांच्या वर रेंगाळलेल्या दुखण्यात पोटाच्या नसा जास्तच हळव्या होऊन बसतात, साध्या गॅसलाही मेंदू धोका समजतो. 1958 मध्ये इंग्लंडच्या डॉ. ॲपलींनी हजार शाळकरी मुलं तपासली, त्यात दहातल्या साधारण एकाला असं वारंवार पोटदुखणं होतं आणि त्यातल्या बहुतेकांत आजार सापडलाच नाही.

तर सहावीतली एक मुलगी (ओळख बदललीये). सोनोग्राफी, रक्त सगळं झालेलं, शाळा जवळजवळ सुटलेली. बाबा चिडायचे, आजी दृष्ट काढायची आणि आई बिचारी उठल्यापासून सारखी, "कसंय गं पोट आता?" बऱ्याच गप्पांनंतर एकदा चित्र रंगवता रंगवता मी सहज विचारलं, दुखायला सुरू कधी होतं?

"आईने विचारलं की."

"म्हणजे?"

"ती विचारते ना, मग मी पोटात नीट बघते दुखतंय का. मग दुखतंच."

मी बघतच राहिले, अकरा वर्षांच्या पोरीने सगळी केस एका वाक्यात सोडवली होती. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिन वॉकर यांनी 2006 मध्ये हेच मांडलं, पालकांनी दुखण्याकडे लक्ष दिलं की मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट, दुसरीकडे वळवलं की निम्म्या.

आई रडवेली. "मग दुर्लक्ष करू का तिच्याकडे?"

"तिच्याकडे नाही, पोटाकडे. ती आपणहून बोलली तर ऐकायचं, 'बरं, कळलं' म्हणायचं आणि चल पोळ्या लाटू. तुम्ही विचारायचं नाही."

बाबांनाही सांगितलं, ओरडणं हेही लक्ष देणंच. घरी राहिली तरी टीव्ही-मोबाइल नाही, अभ्यास नेहमीसारखा. शाळा आधी दोन तास, मग हळूहळू वाढवत. दुखणं थांबल्यावर शाळा असं धरून बसलात तर दोन्ही राहतं, वागणं आधी बदललं की वाटणं मागून येतं ही माझी जुनी श्रद्धा आणि इथेही शाळा आधी सुरू झाली, दुखणं नंतर कमी झालं. मुलीपेक्षा आईलाच जड गेलं खरं तर, मला फोन करायची, "आज एकदाच विचारू का?"

आणि हो, वजन घटतंय, उंची खुंटलीये, शौचातून रक्त, सततच्या उलट्या, ताप किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, माझ्याकडे नंतर या.