कुलरचं स्टँड वेगळं, टाकीचं वेगळं

भाऊ, माशांच्या काचेच्या टाकीसाठी लोखंडी स्टँड बनवायचं तर आधी वजन मांड. ४ बाय २ बाय २ फुटांची टाकी म्हणजे १६ घनफूट, साधारण ४५० लिटर. पाण्याचेच साडेचारशे किलो. वर काच, रेती, दगड. सहाशेच्या पुढेच धर. गावातला वेल्डर कुलरच्या स्टँडसारखं पातळ अँगलमध्ये बनवून देतो म्हणेल, ऐकू नको. ४० बाय ४० मिमी चौकोनी पाईप, २ मिमी जाडीचा घे.

वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, पायांना बाजूने चिकटवलेली नको. नाहीतर सगळा भार वेल्डिंगवर येतो. मधे दोन आडवे पाईप, आणि मागच्या बाजूला एक तिरपा टाक. उभा भार पाय झेलतात, पण डोलणं तिरप्यानेच थांबतं.

वेल्डिंग करताना आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके (छोटे ठिपक्याएवढे वेल्ड) मारायला लाव, दोरीने दोन्ही कर्ण मोज, सारखे भरले तर मगच पक्कं. एका कोपऱ्यात सलग वेल्ड केलं की चौकट पिळते. माझ्या पहिल्या स्टँडवर ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा घासायचा राहिला होता. रात्री टाकीच्या तळाची काच तडकली, सकाळी मासे ओसरीत. आता १८ मिमी प्लाय आणि त्यावर थर्माकोल टाकल्याशिवाय मी टाकी ठेवत नाही. पण चौकट वाकडी असेल तर थर्माकोल काही वाचवत नाही.

गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइड रंगाचे दोन हात मार.

आणि जमीन! आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सारवलेल्या जमिनीवर नकोच. पक्कं काँक्रीट, पायांखाली लोखंडी पट्ट्या. अर्धी टाकी भरून पाण्याची रेघ काठाला समांतर आहे का बघ, मग उरलेली भर.