ससाणा म्हणजे सशाचा काळ

प्रश्न ठाण्याहून आलाय. घोडबंदरच्या एका सोसायटीत छोटा शिकारी पक्षी खारींच्या मागे लागतो. वॉचमन त्याला गरुड म्हणतो, शेजारचे काका ससाणा, येऊरला फेऱ्या मारणारी भाची शिक्रा. बरोबर कोण, आणि 'शिक्रा' लिहायचं की 'शिकरा'?

भाची बरोबर. कबुतराएवढ्या पक्ष्याला गरुड म्हणणं म्हणजे तलावपाळीला जुहू चौपाटी म्हणणं. हल्ली वाकडी चोच दिसली की गरुड! शिक्रा हा झाडीतला शिकारी. आखूड गोलसर पंख, लांब शेपटी. पानांत दबा धरायचा आणि सरड्यावर, उंदरावर, चिमणीवर झडप घालायची. शब्द फारसीतून आला, 'शिकार'चाच भाऊबंद. बाजदार, म्हणजे शिकारी पक्षी पाळणारे लोक, शिक्रा फक्त मादीला म्हणत, नराला चिपक. मादी मोठी, म्हणून मानही तिचा.

पण खरी गंमत काकांच्या ससाण्यात आहे. अमरकोशात श्येनाच्या, म्हणजे संस्कृतातल्या शिकारी पक्ष्याच्या नेहमीच्या नावाच्या, आधी 'शशादन' येतो. शश म्हणजे ससा, अदन म्हणजे खाणं. सशाला खाणारा तो शशादन. प्राकृतात श चा स झाला, मधला द गळाला, न चा ण झाला: ससाअण. तिथून मराठी ससाणा हाकेच्या अंतरावर. बिचाऱ्या सशाचं नाव त्याच्या वैऱ्यालाच चिकटलं!

काही पंडित हिंदी 'सचान' आणि गुजराती 'सिंचाणो' पुढे करून ससाणा त्याच घरातला ठरवतात. ठरवोत. मग मधल्या च चा मराठीत स का झाला, ते सांगा. आम्ही 'पाच'चं 'पास' केलं नाही, 'नाच'चं 'नास' केलं नाही, या एकाच पाखरावर एवढी मेहेरबानी कशाला? 'श्येन'वरून ससाणा काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. श्येनाचं प्राकृतात सेण होतं. मराठीत त्याचं काय झालं असतं, ते गोठ्यात जाऊन बघावं.

'बहिरी ससाणा' ऐकून त्याला ऐकू येत नाही असं समजणारेही भेटतात. अहो, हा बहिरी फारसी-अरबी 'बहरी'तला, बहर म्हणजे समुद्र. बहारीनमधलाही तोच. त्या पक्ष्याचे कान ठणठणीत आहेत.

हां, काकांना एवढं सांगा की पक्ष्यांच्या पुस्तकांत ससाणा म्हणजे लांब टोकदार पंखांचा, काळ्याभोर डोळ्यांचा, उघड्या आभाळात सुसाटणारा गडी. शिक्र्याचे डोळे पिवळे ते लाल. शिवाय जनुकं तपासली तेव्हा ससाणा घारीपेक्षा पोपटाला जवळचा निघाला, आणि शिक्रा तर घारीच्या कुळातला, म्हणजे काकांची चूक दिसते त्याहून मोठी आहे.

शिकरा की शिक्रा? फारसीला धरून शिकरा, रुळलंय ते शिक्रा. काहीही लिहा. फक्त पावसाच्या तोंडावर दिसला तर चोच नीट बघा. पावशा, म्हणजे कोकिळेच्या कुळातला पक्षी, त्याची पाठ, छाती, शेपटीचे पट्टे थेट शिक्र्यासारखे असतात, सातभाई पक्षीसुद्धा फसतात. चोच आकड्यासारखी नसेल, तर भाचीही चुकली.